१४४ आणि ६० हर्ट्झचे मॉनिटर एकाच टेबलावर: दोघांनाही आपापल्या वेगाने कसं चालवायचं

मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने रंगवतो तो त्याचा रिफ्रेश रेट, आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. दोन वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे मॉनिटर एकाच कॉम्प्युटरला जोडले की वेगवान मॉनिटर मंद मॉनिटरच्या पातळीवर येतो, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. एके काळी त्यात तथ्य होतं. आता विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीकडे दोन्ही मॉनिटर आपापल्या वेगाने चालू शकतात. तरीही एखाद्याच्या टेबलावर ते तसे चालत नसतील, तर बहुतेक वेळा मॉनिटर ठणठणीत असतात आणि घोडं मध्येच कुठेतरी अडलेलं असतं. आधी केबल, मग सेटिंग, मग ऑपरेटिंग सिस्टीम आणि शेवटी ॲप्लिकेशन, या क्रमाने शोधत गेलात तर ते सापडतं. क्रम सोडू नका. केबलच कमी पडत असेल तर सेटिंगमध्ये १४४ चा पर्यायच दिसत नाही, आणि माणूस उगाच ड्रायव्हर काढत-घालत बसतो.

मी ॲनिमेशनमध्ये काम करते. समोर २५६० × १४४० चा १४४ हर्ट्झचा मॉनिटर असतो आणि डावीकडे ६० हर्ट्झचा, उभा फिरवलेला. समोरच्यावर शॉट, डावीकडच्यावर स्टोरीबोर्ड, शॉटच्या टिपा आणि मेसेज. ही जोडी मला दोन सारख्या मॉनिटरपेक्षा सोयीची वाटते. वाचायच्या मजकुराला १४४ हर्ट्झची गरज नसते; जुना मॉनिटर ते काम उत्तम करतो. त्यामुळे “दोन्ही सारखेच घ्या” हा सल्ला मी कुणाला देत नाही.

थोडा हिशेब

६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.६७ मिलिसेकंदांनी चित्र नव्याने रंगवतो, १४४ हर्ट्झचा दर ६.९४ मिलिसेकंदांनी. १४४ ला ६० ने भागलं की २.४ येतात, म्हणजे पूर्ण पट नाही. दोघांचे ठोके एकत्र पडत नाहीत, आणि पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथेच आहे. १२० ला ६० ने भागलं तर बरोबर २ येतात. हा १२० चा आकडा लक्षात ठेवा, त्याचं काम शेवटी पडणार आहे.

माझ्या कामात आणखी एक आकडा येतो, २४. आमचे शॉट सेकंदाला २४ फ्रेमचे असतात. १४४ हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर ६ वेळा रंगवली जाते, म्हणजे प्रत्येकीला सारखेच ४१.६७ मिलिसेकंद मिळतात. ६० हर्ट्झवर मात्र ६० ला २४ ने भागलं की २.५ येतात, आणि मॉनिटर अर्धं चित्र रंगवू शकत नाही. म्हणून एक फ्रेम ३ वेळा, पुढची २ वेळा, परत ३, परत २, असं चालतं: एक फ्रेम ५० मिलिसेकंद थांबते, दुसरी ३३.३. उभ्या-बसलेल्या पात्रांच्या संवादात हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण कॅमेरा एका संथ वेगाने डावीकडून उजवीकडे सरकत असला, की मागची झाडं बारीक बारीक धक्के खात सरकतात.

आमच्या दिग्दर्शकांनी एकदा अशाच एका शॉटवर “इथे कॅमेऱ्याची चाल अडखळतेय” अशी टीप लिहिली. ॲनिमेटरने कर्व्ह, म्हणजे कॅमेऱ्याच्या हालचालीचा आलेख, उघडला, तर तो अगदी स्वच्छ होता, त्यातला एकही बिंदू वाकडा नाही. मग आम्ही प्लेअरची विंडो धरून डावीकडच्या मॉनिटरवरून समोरच्यावर ओढली. शॉट तोच, फाइल तीच, आणि झाडं एका लयीत सरकायला लागली. टीप खोडली. तेव्हापासून हालचाल तपासायची असेल तर विंडो कुठल्या मॉनिटरवर आहे ते आमच्याकडे आधी पाहतात. तुमचं काम व्हिडिओ एडिटिंगचं असेल तर हीच सवय लावून घ्या.

केबल आणि पोर्ट

वेगवान मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट द्या आणि मंद मॉनिटरला एचडीएमआय. अपवाद आहेत, पण सुरुवात इथून केली तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

कारण साधं आहे. २५६० × १४४० चं चित्र, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट, सेकंदाला १४४ वेळा पाठवायचं तर सेकंदाला सुमारे १२.७ गिगाबिट लागतात, आणि दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळेचे थोडे वर. एचडीएमआय १.४ ची प्रत्यक्ष चित्रासाठी उरणारी क्षमता ८.१६ गिगाबिट आहे. त्यात हे मावणं शक्यच नाही. एचडीएमआय २.० मध्ये १४.४ मिळतात, डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये १७.२८, डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९२. १९२० × १०८० ला १४४ हर्ट्झसाठी साधारण ७.२ पुरतात, त्यामुळे कागदावर एचडीएमआय १.४ चालायला हवं. पण कित्येक मॉनिटर आपल्या एचडीएमआय पोर्टवर त्याहून कमी रेटच स्वीकारतात. मॉनिटरच्या माहितीपत्रकात प्रत्येक पोर्टसमोर कमाल रिफ्रेश रेट वेगळा छापलेला असतो, तो वाचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले १४४ हर्ट्झ बहुधा फक्त डिस्प्लेपोर्टपुरते खरे असतात. ४के आणि १४४ हर्ट्झ हवे असतील तर हिशेब २८.७ गिगाबिटवर जातो. तो डिस्प्लेपोर्ट १.४ मध्येही चित्र दाबून पाठवल्याशिवाय बसत नाही, म्हणून तिथे मॉनिटर आणि कार्ड दोघांनाही डीएससी, म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत, यायला हवी.

दोन्ही केबल ग्राफिक्स कार्डातच लावा. कॅबिनेटच्या मागे मदरबोर्डचंही एक एचडीएमआय पोर्ट दिसतं आणि घाईत दुसरा मॉनिटर तिथे जातो. चालतो तो, पण मग तो मॉनिटर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो. एका चिपने रंगवलेली विंडो दुसऱ्या चिपच्या मॉनिटरवर दाखवायची म्हणजे प्रत्येक चित्राची नक्कल इकडून तिकडे करावी लागते, आणि विंडो ओढताना ती कुथत सरकते.

लॅपटॉप आणि डॉक (एका केबलवरून अनेक पोर्ट देणारी पेटी) असेल तर वेगवान मॉनिटर शक्यतो थेट लॅपटॉपला जोडा. डॉकवरचे सगळे मॉनिटर एकाच यूएसबी-सी केबलची क्षमता वाटून घेतात, आणि त्याच केबलमधून वेगवान यूएसबी डेटाही जात असेल तर चित्रासाठी केबलमधल्या चारऐवजी दोनच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, उरतात. डिस्प्लेलिंक प्रकारच्या डॉकमध्ये तर प्रोसेसर चित्र दाबून यूएसबीवरून पाठवतो. मंद मॉनिटरवर मेल वाचायला ते पुरेसं आहे. १४४ हर्ट्झ तिथून मागू नका.

सेटिंग

नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा त्याला ६० हर्ट्झवरच सुरू करतं, आणि लोक महिनोन् महिने तसेच वापरत राहतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. वर मॉनिटर निवडायची यादी असते. आधी तिथे योग्य मॉनिटर निवडा, मगच खाली रिफ्रेश रेट बदला. ही वरची यादी नजरेतून सुटते आणि मंद मॉनिटरच्या पानावर “१४४ दिसतच नाही” म्हणून शोधाशोध होते.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधून बदलत असाल तर रेझोल्यूशनच्या यादीत दोन गट दिसतात. वरचा टीव्हीसाठीचा, त्यावर अल्ट्रा एचडी, एचडी, एसडी असं लिहिलेलं असतं. खाली स्क्रोल केलं की पीसी नावाचा दुसरा गट येतो. तेच १९२० × १०८० दोन्ही गटांत सापडतं, पण वरच्या गटातलं निवडलं तर बऱ्याच मॉनिटरवर ६० च्या वर जाता येत नाही. खालच्या गटातलं निवडा. रंगांसाठी १० बिट निवडलेले असतील आणि वरचे रेट गायब असतील, तर ८ बिट करून बघा. क्षमतेच्या काठावर असलेल्या केबलवर तेवढ्याने फरक पडतो.

दोन मॉनिटरवर एकच चित्र दाखवणारा डुप्लिकेट पर्याय वापरू नका. त्यात दोघांना एकच सिग्नल जातो, म्हणून दोघांना झेपेल असाच रेट निवडला जातो, आणि तो मंद मॉनिटरचा असतो. एक्स्टेंड निवडा. मग वेगवान मॉनिटरला मुख्य डिस्प्ले करा, कारण गेम आधी तिथे उघडतात आणि जुनी सॉफ्टवेअर मुख्य डिस्प्लेच्याच ठोक्यावर चालतात.

विंडोज काय म्हणतं यावर थांबू नका. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांनी त्याचा मेनू उघडा. माहितीच्या पानावर आत्ता येत असलेलं रेझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट लिहिलेला असतो. तो आकडा पॅनेलपर्यंत प्रत्यक्ष पोचलेला सिग्नल दाखवतो. काही मॉनिटरमध्ये याच मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती बदलायची सोयही असते, आणि ती जुन्या आवृत्तीवर राहिली असेल तर सगळं बरोबर असूनही पूर्ण वेग मिळत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम

“मंद मॉनिटर वेगवान मॉनिटरला खाली ओढतो” ही समजूत इथून आली. विंडोजमध्ये सगळ्या विंडो एकत्र करून डेस्कटॉपचं अंतिम चित्र तयार करणारा एक भाग असतो, त्याला कंपोझिटर म्हणतात. विंडोज ८ पासून तो बंदच करता येत नाही. पूर्वी हा कंपोझिटर वेगवेगळ्या ठोक्यांवरचे मॉनिटर नीट सांभाळू शकत नव्हता. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर व्हिडिओ सुरू केला की १४४ हर्ट्झवरचा गेम किंवा नुसतं स्क्रोलिंगही अडखळायला लागायचं, आणि व्हिडिओ थांबवला की परत सुरळीत. २०२० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या २००४ आवृत्तीत यात मोठी सुधारणा झाली. तुमचं विंडोज त्यापेक्षा जुनं असेल तर बाकी काही करण्याआधी ते अपडेट करा. जुन्या सल्ल्यांमधले बरेचसे उपाय त्याआधीच्या विंडोजसाठी आहेत, ते आज लागू पडत नाहीत.

लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड, आणि त्यांतला फरक निर्णायक आहे. एक्स११ सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा कॅनव्हास धरतं आणि कंपोझिटर त्यांतल्या एकाच्या ठोक्यावर चालतो. दुसऱ्यावर एकतर चित्र तुटतं किंवा वेग पडतो. वेलँडमध्ये प्रत्येक मॉनिटरचं चित्र स्वतंत्रपणे तयार करता येतं. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये हे सप्टेंबर २०२० च्या ३.३८ मध्ये आलं, केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या ५.२१ मध्ये. लॉग-इनच्या पडद्यावर सेशन निवडायची जागा असते, तिथे वेलँड निवडा. एक्स११ वरच राहून फाइलींमध्ये ओळी टाकत बसण्यापेक्षा हा बदल करणं मला केव्हाही श्रेयस्कर वाटतं.

मॅकवर फारसं करण्यासारखं नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज उघडा, मॉनिटर निवडा, रिफ्रेश रेट निवडा. २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोचा पडदा १२० हर्ट्झपर्यंत जातो आणि शेजारचा मॉनिटर निवांत ६० वर राहतो.

वेग खरंच मिळतोय का?

आधी डोळ्यांनी बघा. मोठ्या अक्षरांचा मजकूर असलेली एखादी छोटी विंडो धरून वेगवान मॉनिटरवर गोल गोल फिरवा. १४४ वर हालत्या विंडोतली अक्षरं बऱ्यापैकी ओळखू येतात. तीच विंडो ६० च्या मॉनिटरवर त्याच वेगाने फिरवा, अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. दोन्हीकडे सारखंच दिसत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

मग ब्राउझरमध्ये टेस्ट यूएफओ ही रिफ्रेश रेट मोजणारी वेबसाइट उघडा. एकेका मॉनिटरवर विंडो नेऊन आकडा बघा. तो मॉनिटरप्रमाणे बदलायला हवा. बदलला नाही तर विंडो बंद करून त्याच मॉनिटरवर नव्याने उघडा आणि मगच निष्कर्ष काढा. विंडो निम्मी इकडे, निम्मी तिकडे अशी ठेवून मोजमाप करू नका. एका विंडोला एकच ठोका मिळतो, त्यामुळे एका बाजूला ती चुकीची दिसणारच.

गेम, व्हिडिओ आणि व्हेरिएबल रिफ्रेश

समोर गेम आणि शेजारी व्हिडिओ अशी जोडी असेल आणि व्हिडिओ अडकत असेल, तर दोष बहुतेक वेळा रिफ्रेश रेटचा नसतो. गेमने ग्राफिक्स कार्ड शंभर टक्के वापरलेलं असतं आणि व्हिडिओचं चित्र जोडायला कार्डाला उसंत मिळत नाही. गेममध्ये फ्रेमची मर्यादा घाला, मॉनिटरच्या रेटपेक्षा थोडी खाली. १४४ ला मी १३८ ठेवते. कार्डाला तेवढंही जड जात असेल तर आणखी उतरवा. गेममध्ये जेमतेम दिसणाऱ्या फरकाच्या बदल्यात शेजारचा व्हिडिओ सुरळीत चालतो.

फुल स्क्रीन की बॉर्डरलेस (म्हणजे पूर्ण पडदा व्यापणारी, कडा नसलेली विंडो), यात पूर्वी बरंच अंतर होतं. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या ग्राफिक्स पानावर विंडोतल्या गेमसाठीचं ऑप्टिमायझेशन चालू करता येतं. ते चालू करून बॉर्डरलेस वापरा. दोन मॉनिटर असताना कर्सर बाहेर नेला की गेम खाली जात नाही, ही सोय मोठी आहे. एखादा गेम तरीही अडखळला तर तेवढ्यापुरतं फुल स्क्रीन करा.

जी-सिंक किंवा फ्रीसिंक असलेला मॉनिटर गेमच्या वेगानुसार आपला रिफ्रेश रेट क्षणाक्षणाला बदलतो. दोनपैकी एकाच मॉनिटरला ही सोय असली तरी काही बिघडत नाही. मात्र एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये जी-सिंकसाठी दोन पर्याय असतात: फक्त फुल स्क्रीन, किंवा विंडो आणि फुल स्क्रीन दोन्ही. दुसरा पर्याय निवडला की कधीकधी एखादं साधं ॲप्लिकेशनही मॉनिटरचा ताबा घेतं. ते सेकंदाला ३० चित्रं काढत असेल तर अख्खा मॉनिटर, कर्सरसकट, त्या वेगाने सरकायला लागतो. कर्सर अचानक जड वाटला तर आधी हे तपासा. मी “फक्त फुल स्क्रीन” वर ठेवते, कारण माझ्या कामाच्या सॉफ्टवेअरला या सोयीचा काहीच उपयोग नाही. तुम्ही गेम बॉर्डरलेस खेळत असाल आणि त्यात जी-सिंक हवं असेल, तर दुसरा पर्याय ठेवा आणि त्रास देणारं ॲप्लिकेशन तेवढं प्रोग्रामनुसार सेटिंगमध्ये जाऊन वगळा.

कार्ड रिकामं असतानाही गरम का?

सगळं नीट चालू लागल्यावर काही जणांना वेगळीच गोष्ट जाणवते. काही काम चाललेलं नसताना कार्डाचा पंखा फिरत राहतो, आणि एक मॉनिटर बंद केला की शांत होतो. कारण असं आहे: ग्राफिक्स कार्ड निवांत असताना आपल्या मेमरीचा वेग खाली आणतं. हा बदल करायला त्याला मॉनिटरच्या दोन चित्रांमधला रिकामा क्षण लागतो, नाहीतर पडदा लुकलुकतो. एक मॉनिटर असला की हा क्षण सहज मिळतो. १४४ आणि ६० च्या जोडीत दोघांचे रिकामे क्षण जुळत नाहीत, म्हणून कित्येक कार्डं मेमरीचा वेग खाली आणायच्या फंदातच पडत नाहीत; तो कायम वर ठेवतात आणि वीज खात राहतात.

जीपीयू-झेड सारखं, ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, बाकी सगळं बंद करा आणि मेमरी क्लॉकचा आकडा बघा. गेम चालू असतानाच्या आकड्याशी तो जुळत असेल तर हीच अडचण आहे. वेगवान मॉनिटर १४४ वरून १२० वर आणा आणि परत बघा. पुष्कळ कार्डांवर आकडा लगेच धाडकन खाली येतो, काही मिनिटांत तापमान उतरतं आणि पंखा थांबतो. काही कार्डं मात्र १२० लाही दाद देत नाहीत. तिथे मंद मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टवर हलवणं हा एक मार्ग उरतो, पण विंडो ओढताना नकला कराव्या लागण्याचा तोटा त्यासोबत येतो. त्या मॉनिटरवर फक्त मजकूर असेल तर तो तोटा परवडतो, व्हिडिओ असेल तर नाही.

मी कामाच्या वेळी समोरचा मॉनिटर १२० वरच ठेवते. २४ फ्रेमचे शॉट तिथेही बिनचूक चालतात, प्रत्येक फ्रेम ५ वेळा, आणि १४४ व १२० मधला फरक डेस्कटॉपवर मला जाणवत नाही. गेमसाठी वेगळं काही करावं लागत नाही: एनव्हिडियाच्या थ्रीडी सेटिंग्जमध्ये “प्रेफर्ड रिफ्रेश रेट” हा पर्याय असेल तर तो “हायेस्ट अव्हेलेबल” करून ठेवा, म्हणजे फुल स्क्रीन गेम उघडताच मॉनिटर १४४ वर जातो आणि बंद केल्यावर १२० वर परततो. मंद मॉनिटरच्या यादीत ५९.९४ आणि ६० असे दोन्ही आकडे दिसत असतील, तर या जोडीसाठी ६० निवडा. ५९.९४ हा रंगीत टीव्हीच्या अमेरिकी प्रणालीतून, ६० भागिले १.००१ असा आलेला आकडा आहे, आणि १२० शी त्याचा मेळ पूर्ण बसत नाही.